काचपेटीतील साप : अंथरूण आणि ऊब



दिल्लीत जानेवारीची थंडी पडली की वृत्तपत्रांत दरवर्षी एक छोटी बातमी येते. पुराना किल्ल्याशेजारच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात सर्पगृहाला विजेचे हीटर लावण्यात आले, एवढाच तिचा मजकूर असतो. हे प्राणिसंग्रहालय १ नोव्हेंबर १९५९ रोजी खुले झाले आणि त्याचे उद्घाटन तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री, विदर्भाचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांनी केले होते. वाचकाला ही बातमी गमतीची वाटते. सापाला शेकोटी कशाला, असे तो मनाशी म्हणतो आणि पान उलटतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र नेमका त्या बातमीत दडलेला आहे. काचेच्या पेटीत ठेवलेल्या सापाला ऊब का लागते, ती कशी द्यावी, त्याच्या अंगाखाली काय अंथरावे आणि या दोन साध्या गोष्टींत चूक झाली तर काय होते, याचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोणताही साप कोणालाही पाळता येतो, असे नाही. दक्षिण दिल्लीत बदरपूरजवळ मोलडबंद नावाचे गाव आहे. गारुड्यांची वस्ती म्हणून ते प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्या या गावातील माणसे वेताच्या टोपलीत नाग घेऊन राजधानीच्या रस्त्यांवर हिंडली. महाराष्ट्रात बत्तीस शिराळ्याचे नाग मडक्यात ठेवले जात. टोपली काय आणि मडके काय, दोन्हींत सापाच्या सोयीपेक्षा माणसाच्या सोयीचा विचार अधिक होता. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला आणि हा व्यवसाय हळूहळू बेकायदेशीर ठरला. आज नाग, धामण, अजगर यांसारखा आपल्या मातीतला साप घरी ठेवणे हा गुन्हा आहे, मग पेटी कितीही सुंदर असो.

महानगरांतील घरांत आज जे साप दिसतात ते परदेशी जातींचे असतात. त्यांत दोन विशेष आढळतात. पहिला, पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन. भ्याला की तो अंगाची गुंडाळी करून डोके आत लपवितो, म्हणून त्याचे हे नाव. दुसरा, अमेरिकेतील कॉर्न स्नेक. दोन्ही बिनविषारी आहेत. परंतु त्यांच्याबाबतही मोकळे रान उरलेले नाही. वन्य जीव अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि आंतरराष्ट्रीय करारान्वये ज्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे, असे परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. बॉल पायथन हा त्यांपैकी एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यासंबंधीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार असा प्राणी ताब्यात असणाऱ्याने त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. प्राण्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतर यांचीही नोंद द्यावी लागते. तेव्हा पेटीत काय अंथरावे या प्रश्नाच्या आधी, पेटीतल्या जिवाचे कागद आहेत काय, हा प्रश्न येतो.

आता मूळ विषयाकडे वळू. सापाला ‘थंड रक्ताचा’ प्राणी म्हणण्याचा प्रघात आहे. पण हा शब्द दिशाभूल करणारा आहे. त्याचे रक्त थंडच असते असे नव्हे. त्याला शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करता येत नाही, म्हणून ती बाहेरून घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. हे प्राणी हवेच्या तापमानाचे निमूट गुलाम नसतात. ऊन आणि सावली यांमध्ये ये-जा करून ते आपल्या शरीराचे तापमान बऱ्याच नेमकेपणाने राखतात, असे त्यांनी दाखवून दिले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या संगोपनाची सारी आधुनिक रीत या एका निरीक्षणावर उभी आहे.

त्याचा प्रत्यय घेण्यासाठी दिल्लीकराला फार दूर जावे लागत नाही. भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान पक्ष्यांसाठी विख्यात आहे. परंतु हिवाळ्यात तेथे जाणाऱ्याला अजगरही दिसतात. हे अजगर जमिनीतील बिळांत राहतात, पुष्कळदा साळिंदरांनी उकरलेल्या बिळांत. रात्री बाहेर कडाक्याची थंडी असते, तेव्हा मातीच्या पोटात ऊब टिकून राहिलेली असते. सकाळी ऊन वर आले की अजगर बिळाच्या तोंडाशी येऊन पसरतात, अंग तापले की पुन्हा आत सरकतात. बीळ हे त्यांचे अंथरूण आणि ऊन ही त्यांची शेगडी. या दोहोंमध्ये हिंडण्याचे स्वातंत्र्य ही त्यांची खरी संपत्ती होय.

या नियमाला एक सुंदर अपवाद आहे आणि तोही भारतीय अजगराचाच. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते. तेव्हा तिचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा उबदार लागते, हे पॅरिसमध्ये व्हालांसिएन या निसर्गशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये नोंदविले होते. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. अखेर १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे हचिसन, डाउलिंग आणि विनेगर यांनी मापन करून त्याची खात्री पटविली. हवा थंड होऊ लागली की मादी आपले स्नायू ठरावीक लयीत आकुंचित करते आणि त्या श्रमातून अंड्यांना ऊब देते. मात्र ही शक्ती तिला त्या काळापुरतीच लाभते आणि त्यासाठी तिला मोठी किंमत मोजावी लागते. एरवी साप हा परावलंबीच आहे. तो काचपेटीत आला की सूर्य आणि बीळ या दोहोंची जागा माणसाला भरून काढावी लागते.

पेटीच्या रचनेचे पहिले सूत्र यातूनच निघते. पेटीत एकच तापमान असू नये. तिचे एक टोक उबदार आणि दुसरे टोक थंड असावे. बॉल पायथनसाठी उबदार टोक ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि थंड टोक २५ ते २७ अंश असावे. कॉर्न स्नेकसाठी हे आकडे साधारणतः २८ ते ३० आणि २२ ते २४ असे आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत उतरत जाणारी ऊब मिळण्यासाठी पेटी लांब हवी. पूर्ण वाढीच्या बॉल पायथनला चार फूट लांब व दोन फूट रुंद पेटी लागते. दोन्ही टोकांना लपण्यासाठी एकेक अंधारी जागा हवी. अशी जागा एकाच टोकाला असेल तर सापाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतील एकाचीच निवड करावी लागते आणि भित्रा साप नेहमी सुरक्षितता निवडतो. मग तो थंडीत कुडकुडत का होईना, आडोशालाच पडून राहतो. बॉल पायथन आपल्या देशात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत व वारुळांत दिवस काढतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा हा स्वभाव समजतो.

ही कल्पना नवीन नाही. जगातील पहिले सर्पगृह लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये उघडले. पुढे १९२७ मध्ये तेथे जोन प्रॉक्टर या विदुषीने नवे सर्पगृह उभारले, तेव्हा विजेच्या साहाय्याने निरनिराळ्या भागांत निरनिराळी उष्णता देण्याची सोय तिने मुद्दाम केली. दिवाणखान्यातली आजची काचपेटी ही त्याच विचाराची लहान आवृत्ती आहे.

ऊब देण्याची साधने मुख्यतः दोन. पहिले म्हणजे पेटीच्या तळाखाली बाहेरून लावावयाची विजेची पातळ चटई. तिने तळाचा सुमारे एकतृतीयांश भागच व्यापावा, म्हणजे उरलेली पेटी थंड राहते. पेटी लहान पायांवर उचललेली असावी. ती टेबलावर सपाट ठेवली तर चटईची उष्णता अडकून काच तडकण्याचा धोका असतो. दुसरे साधन म्हणजे वरून उष्णता देणारा, पण प्रकाश न देणारा चिनी मातीचा दिवा. दिल्लीच्या थंडीत हवाच गार होते, तेव्हा केवळ तळाची चटई पुरत नाही आणि हा दिवा उपयोगी पडतो. तो पेटीच्या आत असेल तर त्याभोवती जाळी हवीच. नाहीतर साप त्याला विळखा घालतो. रात्रंदिवस जळणारा पांढरा किंवा रंगीत दिवा मात्र टाळावा. सापालाही रात्रीचा अंधार लागतो.

दोन्ही साधनांना थर्मोस्टॅट जोडणे ही चैन नसून अत्यावश्यक गोष्ट आहे. त्याचे कारण सापाच्या शरीरात आहे. हवेतील व वरून येणाऱ्या उष्णतेला तो चांगला प्रतिसाद देतो. परंतु पोटाखालची तप्त वस्तू त्याला वेळीच सोडता येत नाही. अनियंत्रित चटईवर किंवा बाजारात मिळणाऱ्या तापत्या कृत्रिम दगडावर साप तासन्‌तास पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजून निघतात. पाळणाऱ्याला हे फार उशिरा कळते, कारण जखम खालच्या अंगाला असते आणि साप ओरडत नाही. म्हणून थर्मोस्टॅटचे संवेदक टोक चटई आणि काच यांच्यामध्ये पक्के बसवावे आणि आतील काचेचे तापमान दुसऱ्या तापमापकाने स्वतंत्रपणे तपासावे. साप आणण्यापूर्वी दोन-तीन दिवस पेटी रिकामीच चालवून दिवसा व रात्री आकडे लिहून ठेवावेत. रिकाम्या पेटीत झालेली चूक कोणाचा जीव घेत नाही.

आता अंथरुणाचा विचार करू. अंथरुणाने चार कामे करावयाची असतात : ओल शोषणे, ओल टिकविणे, सापाला लपू देणे आणि अंगाला इजा न करणे. यांतील पहिली दोन कामे परस्परविरोधी वाटतात. परंतु सारे कौशल्य त्यांचा मेळ घालण्यात आहे.

सर्वांत साधे अंथरूण म्हणजे जुनी वर्तमानपत्रे. ती स्वस्त असतात, रोज बदलता येतात आणि विष्ठा अथवा रक्त त्यांवर लगेच दिसते. नव्याने आलेल्या सापाला पहिले काही आठवडे कागदावरच ठेवणे शहाणपणाचे, कारण माइट नावाचे बारीक परजीवी पांढऱ्या कागदावर चटकन नजरेस येतात. मात्र कागदात बीळ करता येत नाही आणि तो ओलही धरत नाही. कॉर्न स्नेकला कोरडे, भुसभुशीत अंथरूण आवडते. त्यासाठी ॲस्पेन झाडाच्या लाकडाच्या ढलप्या वापरतात. त्या ओल्या झाल्या की लवकर बुरसतात, म्हणून बॉल पायथनसाठी त्या तितक्याशा योग्य नव्हेत. त्याच्यासाठी नारळाच्या सोडणाचा भुसा किंवा तुकडे उत्तम. कोकणच्या माणसाला त्याचे महत्त्व सांगावयास नको. पाणी शिंपडले तर तो ते धरून ठेवतो, सावकाश सोडतो आणि सहसा कुजत नाही.

टाळावयाच्या गोष्टीही तितक्याच ठाऊक असाव्यात. सुताराच्या रंध्याखाली पडलेला भुसा फुकट मिळतो, म्हणून तो उचलून आणण्याचा मोह होतो. परंतु उत्तरेत चीड आणि देवदार ही लाकडे सर्रास वापरली जातात. त्यांच्या सुगंधी तेलांची वाफ बंद, उबदार पेटीत साचते आणि सापाच्या श्वसनमार्गाला अपाय करते. माणसाला प्रसन्न वाटणारा वास सापाला बाधतो. वाळू, बारीक खडी, तसेच खते किंवा कीटकनाशके मिसळलेली बागेतली माती यांनाही पेटीत स्थान नाही.

अंथरूण आणि ऊब यांचा परस्परसंबंध पुष्कळदा विसरला जातो. सैल अंथरूण हे एक प्रकारचे पांघरूण आहे. चटईवर चार-पाच इंच भुसा टाकला तर वरचा थर थंडच राहतो आणि खालची काच अधिकाधिक तापते. वर ठेवलेला तापमापक कमी आकडा दाखवितो, पाळणारा उष्णता वाढवितो आणि उकरून तळाशी गेलेला साप भाजतो. म्हणून चटईवरच्या भागात अंथरूण इंचभरच असावे आणि मोजमाप काचेवर, अंथरुणाच्या खाली करावे. खोल अंथरूण द्यावयाचे असेल तर ऊब वरूनच दिली पाहिजे.

यानंतर आर्द्रतेचा प्रश्न येतो. बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. कॉर्न स्नेकला त्याहून कमी पुरते. साप कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ होतात. या काळात हवा कोरडी असेल तर कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाशी उरलेली कडी रक्तप्रवाह आवळते आणि डोळ्यावरचा पारदर्शक खवला चिकटून राहतो. तो नखाने सोलू पाहणारा माणूस सापाचा डोळा गमावून बसतो. त्यापेक्षा झाकणाच्या डब्यात ओलसर शेवाळ घालून, त्याला प्रवेशाचे भोक पाडून तो पेटीत ठेवावा. साप स्वतः आत जातो आणि आपले काम उरकतो.

आता हे सारे दिल्लीच्या ऋतुचक्रात बसवून पाहावे. जानेवारीत येथे रात्रीचे तापमान अनेकदा ५ अंशांपर्यंत किंवा त्याहून खाली उतरते. काच उष्णता भराभर गमावते. म्हणून पेटीच्या मागील व बाजूच्या काचांना बाहेरून थर्मोकोलचे तक्ते लावावेत, पेटी बाहेरच्या भिंतीपासून व खिडकीपासून दूर ठेवावी, झाकणाचा काही भाग झाकावा, पण हवा खेळती ठेवावी. खोलीत कोळशाची शेगडी पेटवून सापाला ऊब देण्याचा विचारही करू नये. बंद खोलीतला तिचा धूर आणि विषारी वायू सापापूर्वी माणसाचा बळी घेतो.

वीज गेली तर काय, याचे उत्तर हिवाळ्याआधीच तयार हवे. इन्व्हर्टर असल्यास उत्तम. नसल्यास गरम पाण्याच्या बाटल्या जाड कापडात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला ठेवाव्यात आणि पेटीवर घोंगडी टाकावी. अशा वेळी सापाला खाऊ मात्र घालू नये. त्याचे पचन उष्णतेवर चालते. थंडीत पोटातला उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. ज्या घरात विजेचा भरवसा नाही, तेथे थंडीच्या लाटेत आठवडाभर उपास घडलेला बरा. निरोगी, मोठ्या सापाला त्याने काही होत नाही.

मे-जूनमध्ये प्रश्न उलटतो. बाहेर ४५ अंश आणि लू वाहते. थर्मोस्टॅट उष्णता बंद करू शकतो, पेटी थंड करू शकत नाही, ही साधी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. थंडीने साप आठवड्यांनी आजारी पडतो. चाळिशीच्या आसपासच्या उष्णतेने तो काही तासांत मरतो. खिडकीतून दुपारी अर्धा तास ऊन पेटीवर आले तरी काचेच्या आतली हवा भट्टीसारखी तापते. म्हणून उन्हाळ्यात साप घरातील सर्वांत थंड खोलीत असावा, पाण्याचे भांडे अंगभर बुडता येईल एवढे असावे, आणि कामानिमित्त दिवसभर घर बंद राहणार असेल तर खोली थंड राहण्याची सोय आधी करावी. पावसाळ्यात हवाच दमट होते. तेव्हा पाणी शिंपडणे कमी करावे, अंथरूण अधिक वेळा बदलावे आणि बुरशीचा वास आला की सगळेच काढून टाकावे.

साप बोलत नाही. पण त्याच्या वागण्यातून पुष्कळ कळते. तो सतत उबदार टोकालाच चिकटून असेल तर पेटी थंड आहे. सतत पाण्यात पडून असेल तर ती फार गरम असेल, किंवा त्याला माइटचा उपद्रव असेल. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकाशी फेस येणे, श्वासात शिटीसारखा आवाज येणे, ही श्वसनरोगाची चिन्हे होत. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न घालविता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा.

अखेरची गोष्ट काळाची. अमेरिकेतील सेंट लुई प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये, वयाची साठ वर्षे उलटल्यावर, अंडी घातली. एवढे आयुष्य सर्वांना लाभत नसले, तरी वीस-तीस वर्षे ही या जातीच्या दृष्टीने मोठी गोष्ट नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाने हौसेने आणलेला साप त्याच्या लग्नानंतरही त्याच पेटीत असू शकतो. तोपर्यंत दिल्लीचे वीसएक हिवाळे आणि तितकेच उन्हाळे येतील. त्यांतील प्रत्येक रात्री ती चटई चालू राहिली पाहिजे. हौस ओसरल्यावर तो यमुनेच्या काठी किंवा अरवलीच्या रानात सोडून देणे हा सुटकेचा मार्ग नाही. परदेशी साप तेथे थंडीने मरेल. आणि जगलाच, तर इथल्या जिवांना आपला रोग देऊन जाईल.

भरतपूरच्या अजगराला ऊन हवे असेल तर तो बिळाबाहेर येतो. नको असेल तर आत जातो. काचपेटीतल्या सापाजवळ एवढेही स्वातंत्र्य नसते. माणसाने आखून दिलेल्या चार फुटांतच त्याला ऊन आणि सावली शोधावी लागते. ती दोन्ही तेथे आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम ज्याने ती पेटी घरात आणली त्याचे आहे. रोज सकाळी आणि रोज रात्री तापमापकाचा आकडा वाचण्याची ज्याची तयारी नाही, त्याने सापाविषयीची आपली आवड पुस्तकांतून आणि प्राणिसंग्रहालयातून भागवावी. त्यात कमीपणा नाही.